पावसाक काय म्हणतले? पावसच म्हणतले!

ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळ देवगड तालुक्यातल्या, आता ठाण्याला. शाळेतल्या मैत्रिणींशी मोबाइलवर रोज गप्पा चालतात आणि त्या फिरून फिरून तीनच गोष्टींवर येतात: लहानपणी वाचलेली पुस्तकं, गावचे मालवणी शब्द आणि पाऊस. त्यातून पाऊस-वाऱ्याच्या शब्दांची यादी दोनशेच्या वर गेली. आता तिची नीट वही करायची आहे. मध्येच चौथीतल्या लेकीने निबंधात ‘पावस इलो’ लिहिलं, बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि घरी येऊन ती म्हणाली, ‘आजीचं मराठी चुकीचं आहे.’ वही कशी करू आणि लेकीला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. बरीचशी कुडाळ-मालवणकडे, मधली काही गुहागरच्या बाजूला. शाळेतलं पुस्तकांचं कपाट बहुतेक वेळा माझ्याच ताब्यात असायचं आणि शब्द टिपायच्या वह्याही तेव्हापासूनच्या. त्यातल्या निम्म्या वह्या आज मलाच उपयोगी पडत नाहीत. का, ते पुढे सांगतो.

लाल रेघेचं आधी बोलू. अशा रेघा मीही मारल्यात. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पोरांच्या वह्यांत ‘वारो’, ‘पावस’, ‘माका’ दिसलं की माझं पेन आपसूक चालायचं. नवा नवा गुरुजी, अंगात संचारच असतो. पुढे व्याकरणाची चार पुस्तकं वाचली तेव्हा ओशाळलो.

‘घोडा’ हा शब्द घ्या. संस्कृतात घोटकः, प्राकृतात घोडओ. शेवटचे स्वर एकात एक मिसळले तेव्हा घाटावर त्याचा ‘घोडा’ झाला, आमच्याकडे ‘घोडो’. गुजरातीतही घोडोच. वारो, आंबो, मासो ही सगळी मंडळी तशीच. कोणी वारा म्हणता म्हणता जीभ घसरून वारो म्हणायला लागलं, असं झालेलं नाही. ‘पावस’ तर आणखी मजेचा. मूळ संस्कृत प्रावृष्, त्याचं प्राकृतात पाउस. पुस्तकी मराठीने त्यातला उकार लांबवला, मालवणीने मध्ये व घातला. दोघांचं माहेर एकच. हे लेकीला सांगा. चौथीतल्या पोराला घोड्याची गोष्ट बरोब्बर कळते, मी वर्गात सांगून पाहिली आहे.

बाईंवर मात्र रागावू नका. प्रमाण मराठी लिहायला शिकवणं हे त्यांचं कामच आहे. रेघ मारावी, पण शेजारी ‘चूक’ असं लिहू नये. ‘घरी पावस इलो, निबंधात पाऊस आला’ एवढं लिहिलं तरी पोर दुखावत नाही. मी पुढे एक युक्ती काढली होती. निबंधात आजी-आजोबांना बोलू द्यायचं. ‘आजी खळ्यातून ओरडली, “पावस इलो गो, कपडे काढ!”’ अवतरणचिन्हात काय वाटेल ते लिहा, मी रेघ मारणार नाही, असा वर्गाशी करार. त्या वर्षी पावसाळ्यावरच्या निबंधांत पहिल्यांदाच ‘सृष्टीने हिरवा शालू नेसला’ हे वाक्य फक्त दोघांच्या वहीत आलं. एरवी चाळिसांतल्या अडतिसांची सृष्टी तोच शालू नेसायची.

लेकीला आजीचं बोलणं चुकीचं वाटतं, त्याचं आणखी एक कारण असेल. शहरात मालवणी पोचली ती मुख्यतः रंगभूमीवरून. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ हे नाटक आणि त्यातलं मच्छिंद्र कांबळींचं काम, दोन्हींचे उपकार आहेतच. आमची बोली त्यांनी साता समुद्रापार नेली. पण त्याचा एक परिणाम असा झाला की मालवणी कानावर पडली की समोरचा आधीच हसायच्या तयारीत बसतो. आजी लाकडं भिजतायत म्हणून कळवळून बोलत असते आणि नात खिदळते. हे एकदा लेकीशी मोकळेपणी बोला, बास.

आता वहीचं.

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, जुलैचा महिना, मी नवीकोरी दोनशे पानी वही घेऊन एका आजींकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे. लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. मी नमस्कार करून म्हटलं, ‘आजी, पावसाचे तुमचे जुने शब्द सांगा, लिहून घ्यायला आलोय.’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ह्या मास्तराचं काही बिनसलंय काय. म्हणाल्या, ‘पावसाक काय म्हणतले? पावसच म्हणतले!’

पंधरा मिनिटं मी खोदून खोदून विचारत होतो, त्या ‘व्हय’, ‘नाय’, ‘काय म्हायत’ एवढ्यावर भागवत होत्या. वहीत एक शब्द नाही. तेवढ्यात वारा फिरला आणि पाण्याचा फवारा थेट लोट्यावर आला. आजी मान न वळवता नातवाला ओरडल्या, ‘रे, पावळेखालचां घमेलां सरकय! झड भुतूर येता, लाकडां भिजतली!’

एका हाकेत दोन शब्द मिळाले. पावळी म्हणजे कौलांच्या कडेवरून पाणी ओघळतं ती. पुस्तकात तिला पागोळी म्हणतात. आणि झड. मला तोवर झड म्हणजे दिवसचे दिवस न थांबणारा पाऊस एवढंच ठाऊक होतं, श्रावणझडीतली. आजींची झड वाऱ्याने आडवी होऊन घरात शिरणारी होती. शब्द तोच, पण तिच्यापासून लाकडं वाचवायची असतात, खिडकीत बसून ती बघायची नसते. पंधरा मिनिटं मी त्यांना विचारत होतो तेव्हा हे शब्द त्यांच्याकडे नव्हते का? होते. पण मागितल्यावर सापडायला ते काही कपाटात ठेवलेले नसतात. घमेलं, लाकडं, वाळत घातलेली सोलं (आमसुलं), भिजणारं पोर, यांच्या अंगाला चिकटून असतात.

त्या दिवसापासून मी शब्द विचारायचे सोडले आणि दिवस विचारायला लागलो. ‘मिरगाच्या आदल्या आठवड्यात घरात काय काय चालायचं?’ असं विचारा (मिरग म्हणजे मृग नक्षत्र) आणि गप्प बसा. आगोट हा शब्द आपोआप येईल. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड, आणि आगोटीची बेगमी म्हणजे चार महिन्यांची साठवण: कांद्याच्या माळा, सोलं, खारे बांगडे, गोलमो, मसाला, सुकी लाकडं, शेणी. मग घर शाकारण्याचं निघेल, कौलं चाळायचं, पडवीला चुडतांचे झाप बांधायचं. चुडत म्हणजे माडाचं पान, पण हे मी सांगतोय. आजी सांगणार नाही, ती हाताने दाखवेल. गोलमो म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, हेही ती सांगणार नाही, उलट तुम्हालाच हसेल.

तुमची यादी मी दोनदा वाचली. मेहनत दिसते. पण ती यादी आहे, एका ओळीत एक शब्द, पुढे एक अर्थ. माझ्या पहिल्या वह्या अगदी अशाच, आणि त्याच आज निरुपयोगी आहेत. त्यातलं एक उदाहरण सांगतो, माझी फजिती असली तरी. मी आतल्या गावचा, समुद्राशी संबंध बाजारापुरता. मालवणला बदली झाल्यावर किनाऱ्यावर एका गाबीत, म्हणजे मासेमार समाजातल्या, आजोबांना विचारलं, आज होड्या अशा का पडून? ते म्हणाले, ‘आज भांग हा. मासो गावाचो नाय.’ मी गंभीरपणे वहीत लिहिलं: ‘भांग – नशा, इथे सुट्टीचा दिवस या अर्थी.’ दोन वर्षं ती नोंद तशीच राहिली. मग सातवीच्या भूगोलात उधाणाची भरती आणि भांगाची भरती शिकवताना उजेड पडला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग; त्या दिवसांत पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही, ओढ कमी. आजोबांनी मला तिथी सांगितली होती आणि मी ती नशेत घातली. त्यांचं वाक्य मी तारखेसकट उतरवलं असतं, तर पंचांग उघडून तेव्हाच कळलं असतं.

त्याच आजोबांनी पुढे मला भरतीची वेळ काढायला शिकवलं. तिथीला पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. दिवसातून दोनदा भरती, म्हणून पहाटेही आणि दुपारीही. मिनिटाचा हिशेब नव्हे, पण होडी लोटायला पुरतो. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस पाऊणकी तोंडपाठ म्हणत होता आणि ती पाठ्यक्रमातून गेली म्हणून हळहळणारा मी, तिचा उपयोग काय ते त्याच्याकडून शिकत होतो. लेकीला हे करून दाखवा. ठाण्याची खाडी जवळच आहे. फक्त खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं, हे धरून चाला.

तर, प्रत्येक शब्दाबरोबर त्याचं पूर्ण वाक्य हवंच. बोलणाऱ्याच्या तोंडचं, जसंच्या तसं. वाक्य असलं की लिंग-वचन वेगळं लिहावं लागत नाही: ‘वारो सुटलो’ म्हटल्यावर वारो पुल्लिंगी हे आलंच. पुढे गाव आणि वाडी, बोलणाऱ्याचं वय, काम काय करतात आणि महिना. नावाची गरज नाही. महिना मात्र विसरू नका.

महिन्याचं एवढं का, ते ‘मळब’ या शब्दावरून कळेल. पुस्तकी मळभ, आपलं मळब. आभाळ दाटून आलेलं. तुमच्या यादीत अर्थ दिलाय ‘ढगाळ हवा’. बरोबर आहे. पण मे महिन्याच्या अखेरीला ‘मळब धरला’ म्हणणाऱ्याचा चेहरा आठवा: सुटका झाल्याचा, उकाड्यातून. आणि तुमच्या देवगडातला आंबावाला जानेवारीत तेच म्हणतो तेव्हा त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. झाडं मोहरलेली, वर मळब आलं की तुडतुडा आला, करपा आला, फवारणीचा खर्च आला. शब्द एक, मे महिन्यात पदरात पडतो आणि जानेवारीत पदरचं नेतो. महिना लिहिला नाही तर वहीत उरतं ते नुसतं ‘ढगाळ हवा’.

पावसाचं कॅलेंडर तुमच्या आईंकडे नक्षत्रांत असेल, इंग्रजी महिन्यांत नाही. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. ७-८ जूनला मृग लागतं, तिथून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रं. पुनर्वसूचा तो तरणो पावस, पुष्याचा म्हातारो. तरणा दांडगाई करतो, म्हातारा रेंगाळतो. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण सगळ्या महाराष्ट्रात आहे, पण स्वातीचा पाऊस ऑक्टोबरच्या शेवटाला येतो. तेव्हा हळवं भात कापून खळ्यात पडलेलं असतं. म्हणून ही म्हण ऐकली की आमच्याकडचा शेतकरी तोंड वाकडं करतो. अशी तोंडंही वहीत नोंदवा. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला, रोहिणीत. हवामान खात्याच्या दृष्टीने तो लवकर आला. आमच्या शेजारच्या आजींच्या दृष्टीने मिरग चुकला, आणि मिरगाचा कोंबडा कधी कापायचा हा घरात मोठाच प्रश्न झाला.

नवे शब्दही घ्या, जुनेच हवेत असं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं. नाव म्यानमारने दिलेलं, आमच्याशी काही संबंध नाही. पण आज किनाऱ्यावर ‘फयानच्या वर्षी लग्न झालं’, ‘फयानात ती होडी गेली’ असं सहज बोलतात. पंधरा वर्षांत परका शब्द घरचा होऊन बसला. निसर्ग आणि तौक्ते त्यानंतर आली. त्यातला कुठला शब्द तुमच्या गावात असा रुळला आणि कुठला नुसता बातम्यांत राहिला, ते विचारून बघा.

आता एक सावधगिरी. प्रश्नात उत्तर घालून देऊ नका. ‘तुम्ही ह्याला पावळी म्हणता ना?’ असं मी कित्येकदा विचारलं आणि प्रत्येक वेळी ‘व्हय गुरुजी’ ऐकलं. गुरुजींना ‘नाय’ कोण म्हणणार? तुम्ही मुंबईहून आलेल्या माहेरवाशीण. तुम्हाला तर कोणीच दुखवणार नाही. अशी ‘व्हय’ मी नंतर सरसकट खोडली. तुमच्या मैत्रिणींच्या गटातही हे होत असणार: एकीने शब्द टाकला की चौघी ‘आमच्याकडेही’ म्हणतात. त्यांना वाक्य मागा. वाक्य आलं तर शब्द खरा.

‘फक्त आमच्याच गावात’ असा शेराही कुठे मारू नका. आपली पट्टी लांब आहे आणि शब्द गमतीने बदलतात. पहिल्या पावसात मासे व्हाळातून (ओढ्यातून) उलटे चढतात, त्याला आपल्याकडे चढणीचे मासे म्हणतात. रायगड-ठाण्याकडे तेच वलगणीचे. आपली कुर्ली तिकडे चिंबोरी होते. भाताच्या रोपाला आम्ही तरवो म्हणतो, गुहागरला असताना मी ‘आवण’ ऐकलं आणि पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाला आवतण आलंय. ठाण्यात तुमच्या इमारतीत आगरी-कोळी शेजारी असतील तर त्यांच्याकडे चहाला जाच. वहीचं एक पान समोरासमोर दोन रकान्यांचं होईल.

गुहागरकडचीच आणखी एक आठवण. बालकवींची श्रावणावरची कविता शिकवत होतो. ‘सरसर शिरवे’ या शब्दांवर पोरं अडली. मी फळ्यावर लिहून दिलं: शिरवे म्हणजे पावसाच्या हलक्या सरी. पोरांनी पाठ केलं. संध्याकाळी त्याच वर्गातल्या एका मुलीच्या घरी गेलो होतो, तिची आजी अंगणातून म्हणाली, ‘शिरवा येतोय, वाळवण आत घे गं.’ मुलगी उठली, सूप आत घेतलं आणि परत येऊन बसली. मी विचारलं, शिरवे म्हणजे काय? तिने घडाघडा म्हटलं, ‘पावसाच्या हलक्या सरी.’ आणि आजी आत्ता काय म्हणाली? ती गोंधळली. पुस्तकातला शब्द आणि आजीचा शब्द एकच असू शकतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, नाहीतर दुपारी फळ्यावर अर्थ लिहायच्या ऐवजी मी विचारलं असतं, घरी हे कोण म्हणतं?

पुस्तकांकडे मी याच अंगाने बघतो. तुम्ही विचारलंय, लेकीला कोकणातलीच पुस्तकं द्यावीत का. मुद्दाम तेवढीच कशाला? आपण काय वाचलं ते आठवा. चांदोबातले राजे, किशोरचे जुने अंक (१९७१ पासूनचे अंक आता बालभारतीने फुकट वाचायला ठेवलेत, ते जरूर दाखवा), आणि मॉस्कोहून मराठीत छापून आलेली ती जाड गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं. त्यात पानोपानी बर्फ. माझ्या वर्गातल्या एका पोराने मला विचारलं होतं, ‘गुरुजी, तेंच्या अख्ख्या गावाक माशाचो वास येत असात?’ त्याने बर्फ पाहिला होता तो बंदरावर, बांगड्याच्या पेट्यांत. मी त्याला दुरुस्त केलं नाही. रशियाला बांगड्याचा वास येऊन कुणाचं काय बिघडलं?

साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलं, त्यामुळे ‘श्यामची आई’ वाचताना आपल्या मुलांना अंगण, विहीर, ओढा शोधायला लागत नाही. विंदा करंदीकर तुमच्याच देवगड तालुक्यातले आणि पाडगावकर वेंगुर्ल्याचे. दोघांच्या बालकविता घरात असू द्या. पण विंदांची असो नाहीतर बडबडगीतांची, पुस्तक आईंच्या हाती द्या आणि लेकीला शेजारी बसवा. पावसाचं चित्र असलेलं पान उघडायचं आणि लेकीने विचारायचं, ‘आजी, ह्याका तुमी काय म्हणतास?’ एवढंच. आजी चित्रातलं सांगता सांगता चित्राबाहेर जाते: छत्रीवरून इरल्यावर, इरल्यावरून लावणीवर, लावणीवरून एखाद्या वर्षी व्हाळ घरात शिरला होता त्याच्यावर. मोबाइल ध्वनिमुद्रणाला लावून बाजूला पालथा ठेवा. समोर धरला की आजी शुद्ध बोलायला लागते. आणि मुद्रण चारजणांना पाठवण्याआधी त्यांना विचारा. बोलण्याच्या ओघात गाळी (शिव्या) येणार, शेजाऱ्यांच्या चार गजाली येणार. गाळींसाठी मी वेगळी वही ठेवली आहे. ती सगळ्यांत जाड आहे.

‘ये रे ये रे पावसा’वर मात्र आजीला जरूर बोलतं करा. पैसा देऊन पावसाला बोलवायची वेळ घाटावर येते. पुण्याला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, रत्नागिरीला ३००० च्या वर, आणि आमच्या आंबोलीला ७००० च्याही पुढे. जुलैच्या मध्यावर आमच्याकडे कोणी पैसा देईल तर तो जाण्यासाठी. ‘उघडीप’ हा शब्द कोकणी माणूस कसा म्हणतो ते ऐका, पगार झाल्यासारखा.

शब्द जमले की कोशात ताडून बघा. मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. दाते-कर्व्यांच्या कोशात शब्दापुढे कंसात (राजा.), (कु.), (गो.) अशा खुणा दिसतील: राजापुरी, कुडाळी, गोव्याकडचा. तुमच्या आईंचा एखादा शब्द तिथे सापडला की लेकीला ते पान दाखवा. आजीचा शब्द एवढ्या जाड पुस्तकात छापलेला आहे म्हटल्यावर तोंड बंद होतं, हा माझा अनुभव. डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचं सर्वेक्षण करून ते जालावर ठेवलंय, तिथे गावोगावच्या लोकांचं बोलणं ऐकायलाही मिळतं. कोशात नाही सापडला तर शब्द खोटा ठरत नाही. कोशकार तुमच्या वाडीत आलेच नसतील. व्युत्पत्तीच्या नादी मात्र लागू नका. ते वेड मला पाच वर्षं होतं आणि त्या पाच वर्षांत मी एकही कामाची नोंद केली नाही.

लिहिताना कानाला जसं ऐकू येतं तसं लिहा. केळां, घमेलां यांतला अनुस्वार नाकात ऐकू आला तर द्या, नाही आला तर देऊ नका. तुमच्या आई आणि त्यांची बहीण यांत फरक निघाला तर दोन्ही ठेवा. आणि छापायला दिलंत तर प्रूफ स्वतः तपासा. मी एकदा एका नियतकालिकाला ‘हवामानाचे दुर्मीळ मालवणी शब्द’ अशी दोन पानं पाठवली होती. तिथल्या मुद्रितशोधकाने अत्यंत निष्ठेने काम केलं. अंक हातात आला: वारोचा वारा, पावसचा पाऊस, मळबचं मळभ, पावळीची पागोळी. वर मथळा तसाच, ‘दुर्मीळ मालवणी शब्द’. खाली माझं नाव. नातेवाइकांनी फोन करून विचारलं, यात दुर्मीळ काय?

सध्या पुनर्वसू चालू आहे, आमच्याकडे तरण्याने चार दिवस वीज घालवली आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुम्ही गणपतीला गावी जाल तेव्हा दोनशेच्या दोनशे शब्दांची वाक्यं गोळा करायला बसू नका, आईंना छळ होईल. पाच-सहा दिवस विचारा: आगोटीचा, लावणीचा, नारळी पौर्णिमेचा, मोहोराचा, व्हाळाला पूर आला तो. आणखी एक. तुमच्या यादीत ‘गाज’ नाही. किनाऱ्याच्या गावात वाढलेल्या बाईच्या यादीत समुद्राचा आवाजच नाही, याचं मला नवल वाटलं. बहुधा इतका कानात बसलाय की शब्द म्हणून सुचलाच नाही. आमच्याकडचे म्हातारे गाज कुठल्या अंगाने येते त्यावरून पावसाचं सांगायचे. तुमच्या आई काय सांगतात ते त्यांच्याच वाक्यात मला कळवा, महिन्यासकट.

तुमचा,
एक निवृत्त गुरुजी